नवशिक्यांचा उतार



वैशाखाच्या तोंडावर, पंख्याखालीही घाम पुसत बसलेल्या पालघर-बोईसरच्या मंडळींपुढे बर्फावर बोलावयास उभे राहणे म्हणजे केळव्याच्या कोळ्याला उंटाची निगा शिकविण्यासारखे आहे, हे मी जाणतो. तरी विषय वाटतो तितका परका नाही. आपल्याकडे गडांची पहिली ओळख करून घेणाऱ्याला मनोरच्या रस्त्यावरील वाघोबा खिंडीत उतरवून काळदुर्गावर नेतात. कारण बराचसा चढ रस्त्यानेच उरकलेला असतो. अशेरीचा वरचा कातळ मात्र पायांना सवय झाल्यावर. नवख्याला प्रथम कोठे न्यावे, हा प्रश्न आपल्याला इतका साधा वाटतो की, त्याला इतिहास असेल अशी शंकाही येत नाही. आल्प्स पर्वतातील स्कीच्या खेळात या प्रश्नाला चांगला लांबलचक इतिहास आहे; आणि त्यातली गंमत अशी की, तेथे अवघड उतार आधी सापडले, सोपा मागाहून.

पायांना लांब लाकडी पट्ट्या बांधून बर्फावरून चालण्याची युक्ती फार जुनी. स्वीडनच्या दलदलीत सापडलेली एक पट्टी सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीची आहे. पण उत्तरेकडील लोकांना ‘नवशिका’ हा प्राणी ठाऊकच नव्हता. कोळ्याचे पोर जसे होडीतच वाढते, तसे नॉर्वेतील पोर चालावयास शिकता शिकताच स्की शिकून जाई. मोठ्या वयात, पैसे मोजून, पडावयास आलेला गृहस्थ ही आल्प्सची निर्मिती होय.

तिला निमित्त झाले एका पुस्तकाचे. 1888 मध्ये नान्सेनने स्कीवरून ग्रीनलंड ओलांडले. त्याचा प्रवासवृत्तांत जर्मन भाषेत आला आणि मध्य युरोपातील हौशी माणसांनी नॉर्वेहून पट्ट्या मागविल्या. स्वित्झर्लंडमधील दाव्होस येथे ब्रँगर नावाचे दोन भाऊ होते. गावकरी हसतात म्हणून ते अंधार पडल्यावर सराव करीत असत. 1893 मध्ये त्यांनी डोंगरावरील खिंड ओलांडून आरोझा गाठले, आणि पुढच्या वर्षी मार्च महिन्यात त्याच वाटेने एका इंग्रजाला नेले. पत्नीच्या क्षयावर उपचार व्हावेत म्हणून दाव्होसला राहिलेला हा इंग्रज म्हणजे शेरलॉक होम्सचा जनक कॉनन डॉइल. थोड्याशा धडपडीच्या जोरावर एकदम पर्वतखिंड! आपल्याकडे पहिल्याच रविवारी कोणाला अशेरीच्या कातळाला लावावे, तशातलाच हा प्रकार. पण त्या काळी दुसरा मार्ग कोणाला सुचलाच नव्हता.

ऑस्ट्रियातील लिलियेनफेल्ड येथे मथियास झ्डार्स्की याने नान्सेनचे पुस्तक वाचूनच पट्ट्या मिळविल्या. तेथील उतार नॉर्वेपेक्षा खडे. म्हणून त्याने पट्ट्या आखूड केल्या, टाच धरणारी नवी पकड बसविली आणि 1896 च्या अखेरीस आपल्या तंत्राचे पुस्तक काढले. पुढे त्याने पुष्कळांना विनामूल्य शिकविले. मात्र त्याचा सारा भर कडा कसा उतरावा यावर होता.

खरा पालट केला तो हान्नेस श्नायडर या तरुणाने. 1907 मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, तो सांक्ट आंतोन येथील हॉटेलात स्की-शिक्षक म्हणून लागला. पहिल्या महायुद्धात त्याने सैनिकांना शिकविले, आणि नंतर आपल्या शाळेत शिकणाऱ्यांचे वर्ग पाडले. नुसते उभे राहू शकणारे एका वर्गात, वळू शकणारे दुसऱ्यात. वर्ग पडले तेव्हा प्रत्येक वर्गाला आपापली जागा लागली. माझ्या मते सौम्य उताराचा जन्म येथला. तो भूगोलात होताच. त्याची गरज शाळेने निर्माण केली. या श्नायडरला 1938 मध्ये नाझींनी अटक केली. पुढच्या वर्षी तो अमेरिकेत गेला आणि तेथेही त्याने शाळाच चालविली.

या उताराला नावे कशी पडली पाहा. इंग्रज त्याला बालवर्गाचा उतार म्हणतात. जर्मन भाषेत मात्र बोलीतला शब्द आहे, ‘मूर्खांची टेकडी’. वरून सरसर येणाऱ्याने खाली धडपडणाऱ्याकडे कसे पाहिले, ते या एका शब्दात आले.

पण ही टेकडी आली कोठून? ती बहुधा शेतकऱ्याचे गवताचे कुरण असते. उन्हाळ्यात गुरांसाठी गवत कापून वाळवावयाचे, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या तेथील झाडे तोडलेली, धोंडे वेचलेले. अशा साफ जमिनीवर वीतभर-हातभर बर्फ पडले तरी काम भागते; खडकाळ उताराला त्याच्या कितीतरी पट लागते. गवताचे मोल आपल्या भागाला निराळे सांगावयास नको. येथले गवत मुंबईच्या तबेल्यांना जात असे, आणि 1945 पासून तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील उंबरगाव-डहाणूकडे गोदावरी परुळेकरांनी वारल्यांना संघटित केले तेव्हा गवतकापणीची मजुरी हाच लढ्याचा एक मोठा मुद्दा होता. आल्प्समधील कुरण हिवाळ्यात खेळाला मिळाले. त्याला सपाट करणारे हात मात्र विळेकोयत्यांचे होते. आपल्या काश्मीरमधील गुलमर्ग, जेथे 1927 मध्ये ब्रिटिश अधिकाऱ्यांनी स्की क्लब काढला, तेही नावाप्रमाणे फुलांचे कुरणच.

1934 च्या नाताळच्या आदल्या दिवशी दाव्होसच्या बोल्गेन या टेकडीवर एर्न्स्ट कोन्स्टाम या अभियंत्याची दोरीची लिफ्ट सुरू झाली. आकड्याला टेकून उभे राहावे आणि ओढले जावे, अशी तिची रचना. टेकडी नवशिक्यांची, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. तोवर एकदा घसरण्यासाठी अर्धा तास चढावे लागे. शिकणे कमी, दमणे फार. आता एका दुपारी वीसदा पडता येऊ लागले!

तुमच्यापैकी कोणी मुलांना घेऊन गुलमर्गला किंवा मनालीजवळच्या सोलंगला जाईल, क्वचित कोणी आल्प्सलाही. म्हणून उतार कसा पारखतात तेही सांगतो. नकाशावर निळ्या रंगाने दाखविलेली वाट सोपी. तिचा उतार साधारणतः शंभर मीटरला पंचवीस मीटरच्या आत असतो. फ्रान्समध्ये तिच्याही खाली हिरवी असते. पण रंगावर विसंबू नये. जे गाव मुळात खडे, तेथली निळी वाटही घाम फोडते. उताराच्या आधी त्याचा शेवट पाहावा. खाली सपाटी किंवा किंचित उलटा चढ असला, तर थांबता न येणारा माणूसही आपोआप थांबतो. रस्ता, ओढा किंवा झाडी असली, तर तो उतार कितीही सौम्य असो, पहिल्या दिवसाचा नव्हे. दुसरे, वरून येणाऱ्या तरबेज मंडळींची वाट त्यातून जाऊ नये. तिसरे, उन्हाच्या बाजूचे बर्फ दुपारी विरघळते आणि रात्री गोठते, म्हणून सकाळी ते काचेसारखे असते.

चौथी गोष्ट जुन्या मंडळींना ठाऊक नव्हती. सौम्य कुरणे बहुधा गावालगत, म्हणजे खालच्या उंचीवर. आणि हवामान तापू लागल्यापासून बर्फ प्रथम तेथूनच नाहीसे होत आहे. कमी उंचीवरील कित्येक लहान लिफ्टा बंद पडल्या. म्हणून नवशिक्यांची पटांगणे आता वर, पठारांवर न्यावी लागतात. इटलीच्या उत्तरेस झाइझर आल्म नावाचे सतराशे मीटरांहून उंच, अफाट कुरण आहे. तेथे ही सोय निसर्गानेच केली आहे. इतर बऱ्याच ठिकाणी दोरमार्गाने वर जावे, दिवसभर पठारावर पडावे आणि संध्याकाळी दोरमार्गानेच खाली यावे, असा क्रम असतो. कारण पठार सौम्य असले तरी गावाकडे उतरणारी वाट तशी नसते. तेव्हा तिकीट घेतानाच खाली येणारा शेवटचा पाळणा किती वाजता सुटतो, ते विचारून ठेवावे.