विमानांचा जीर्णोद्धार

लखनौहून सीतापूरच्या रस्त्याने निघाले म्हणजे बख्शी का तालाब हे गाव लागते. जुन्या तलावाचे नाव धारण करणाऱ्या या गावाजवळ आज भारतीय वायुदलाचा तळ आहे. येथील धातूच्या विमानांची गर्जना ऐकणाऱ्यास, या दलाचे बालपण लाकडाच्या फासळ्यांत आणि कापडाच्या पंखांत गेले, हे सांगूनही खरे वाटू नये.

८ ऑक्टोबर १९३२ रोजी वायुदलाची स्थापना झाली. त्यानंतर अवघ्या सात दिवसांनी जे. आर. डी. टाटा यांनी ‘पस मॉथ’ या चिमुकल्या विमानातून टपालाच्या थैल्या घेऊन कराची सोडली, आणि अहमदाबादमार्गे ते मुंबईस जुहूच्या मैदानावर उतरले. सैनिकी आणि मुलकी अशा दोन परंपरांचा आरंभ असा एकाच महिन्यात झाला. पुढे दोन्ही परंपरांनी आपला वर्धापनदिन साजरा केला, तो जुने विमान पुन्हा आकाशात नेऊन.

१९८२ साली त्या टपालफेरीस पन्नास वर्षे झाली, तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या टाटांनी तोच प्रवास पुन्हा केला. या वेळी विमान होते त्याच घराण्यातील ‘लेपर्ड मॉथ’. पस मॉथचा सांगाडा पोलादी नळ्यांचा, तर लेपर्ड मॉथचे अंग प्लायवुडचे. वायुदलाने २०१२ साली, आपल्या ऐंशीव्या वर्धापनदिनी, हिंडण येथे ‘टायगर मॉथ’ उडविले. ज्या जातीच्या विमानांवर वैमानिकांच्या एका पिढीने पहिले धडे गिरविले, त्यांपैकीच हे एक. डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी आखलेले ‘एचटी-२’ १९५१ मध्ये प्रथम उडाले. त्या संपूर्ण धातूच्या विमानाने पुढे शिक्षणवर्गातील टायगर मॉथची जागा घेतली.

देवळाचा जीर्णोद्धार करताना ढासळलेले दगड बदलतात. गाभाऱ्यातील मूर्ती तीच राहते. विमानाच्या जीर्णोद्धारात मूर्ती कोणती? कापड तर सारेच उतरवावे लागते. नवे कापड पंखांच्या फासळ्यांवर ताणून मेण लावलेल्या दोऱ्याने शिवतात. त्यावर ‘डोप’ नावाच्या द्रावणाचे थर चढवितात, म्हणजे वाळताना ते ढोलाच्या कातड्यासारखे आवळते. खरी चिंता असते ती आतल्या सांध्यांची. त्या काळच्या लाकडी विमानांत दुधातील केसिनपासून केलेला सरस वापरीत. आपल्याकडील दमट हवेत तो आतल्या आत कुजतो. लाकूड वरून धडधाकट दिसते आणि सांधा मात्र निकामी झालेला असतो. म्हणून कारागीर सांधे उघडतो, संशय आलेली काठी फेकून देतो आणि मूळ आराखड्याबरहुकूम दुसरी बसवितो. इंजिन नसलेल्या ग्लायडरची गोष्टही निराळी नाही. १९६१ मध्ये प्रथम उडालेल्या ‘रोहिणी’ या भारतीय बनावटीच्या लाकडी ग्लायडरची सारी भिस्त अशाच सांध्यांवर होती.

काम संपते तेव्हा मूळ द्रव्य किती उरले, हा प्रश्न गौण ठरतो. उरतो तो आराखडा, आणि तो हातांत उतरविण्याची विद्या. हीच ती मूर्ती. संग्रहालयातील विमानाचा एखादा चुकलेला सांधा शंभर वर्षेही झाकून राहील; उडणाऱ्या विमानाचा एक दिवसही राहणार नाही. वैमानिक आपला जीव हवाली करतो तो कधी न पाहिलेल्या टाक्याच्या आणि सरसाच्या.

वायुदलाच्या त्या टायगर मॉथची दुरुस्ती इंग्लंडमध्ये झाली, ही गोष्ट म्हणूनच मनास लागून राहते. एके काळी हे काम आपल्याच हँगरांतील सुतार-शिंप्यांच्या अंगवळणी पडलेले होते. धातूची विमाने आली आणि ते हात दुसऱ्या कामांकडे वळले. प्रगतीचा हा क्रम कोणी नाकारणार नाही. पण गेलेले विमान आराखड्यावरून पुन्हा उभे करता येते. गेलेला हात मात्र शिष्य तयार केल्यावाचून परत येत नाही. पुढच्या वर्धापनदिनी जुने विमान उडेल, तेव्हा त्याचे कापड शिवणारा हातही येथेच घडलेला असेल, तर तो जीर्णोद्धार पुरा झाला असे म्हणता येईल.