कुत्र्या-मांजरांची सोनोग्राफी

कुत्र्या-मांजरांची सोनोग्राफी : माणसाला ऐकू न येणारे, म्हणजे 20 किलोहर्ट्‌झपेक्षा जास्त वारंवारतेचे ध्वनी शरीरात सोडून त्यांच्या प्रतिध्वनींवरून आतील अवयवांचे चालते चित्र पडद्यावर मिळवण्याची तपासणी. क्ष-किरणचित्रात मऊ अवयव आणि द्रव एकाच करड्या छटेत मिसळतात. सोनोग्राफीत ते वेगळे दिसतात. अवयवाचा आकार, जागा, पोत आणि हालचाल ती दाखवते, रोगाचे नाव मात्र बहुतेक वेळा सांगत नाही. अहवाल वाचताना घरच्यांचा जो गोंधळ उडतो, तो बराचसा हा फरक कोणी समजावून न सांगितल्यामुळे.

अंगावर टेकवायच्या प्रोबमधले स्फटिक विजेच्या स्पंदाने कंप पावतात आणि परतलेल्या ध्वनीची पुन्हा वीज करतात. स्फटिकांचा हा गुण क्यूरी बंधूंनी 1880 मध्ये शोधला. मऊ ऊतींतून ध्वनी सेकंदाला सुमारे 1,540 मीटर जातो, त्यावरून यंत्र खोली काढते. वारंवारता वाढली की बारकावे वाढतात आणि खोली घटते. म्हणून मांजरांना व लहान कुत्र्यांना 7.5 मेगाहर्ट्‌झ किंवा जास्त, तर थोराड कुत्र्याच्या खोल भागासाठी 5 च्या आसपास वारंवारता वापरतात. हवा आणि हाड ध्वनीला अडवतात. केसांत अडकलेली हवासुद्धा आड येते, त्यामुळे पोट भादरून जेल लावावे लागते. पोटाच्या तपासणीआधी 8 ते 12 तास खायला देत नाहीत, पाणी चालते. लहान पिल्ले आणि मधुमेही प्राणी यांना मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपाशी ठेवू नये. भूल सहसा लागत नाही. ओळखीचा माणूस डोक्याशी थांबला तर पुष्कळ प्राणी शांत पडून राहतात.

पशुवैद्यकात हे तंत्र आधी मेंढ्या, घोड्यांसाठी आले. फ्रान्समध्ये पामर आणि द्रियांकूर यांनी घोडीच्या गर्भतपासणीसाठी केलेल्या वापराचे वर्णन 1980 मध्ये प्रसिद्ध झाले. घरगुती प्राण्यांसाठी ते त्याच दशकात रुळले.

कुत्रीचा गर्भकाळ सुमारे 63 दिवसांचा. मिलनानंतर चार आठवड्यांच्या सुमारास गर्भाच्या हृदयाचे ठोके दिसतात, मांजरीत त्याहून थोडे आधी. पिल्ले जिवंत आहेत का, हे सांगण्यात सोनोग्राफीला तोड नाही. प्रसूतीच्या वेळी गर्भाचे ठोके मिनिटाला 200 च्या पुढे असावे लागतात. ते 180 च्या खाली जाऊन तिथेच राहिले, तर पिल्लू संकटात आहे असे समजून सिझेरियनचा निर्णय घेतात. पिल्ले किती, या प्रश्नाला मात्र तिचे उत्तर कच्चे असते. एकच पिल्लू दोनदा मोजले जाते किंवा मागचे सुटते. नेमकी संख्या हवी असेल तर 55 व्या दिवसानंतर, हाडे पक्की झाल्यावर, क्ष-किरणचित्र काढावे.

गर्भाशयात पू होणे, म्हणजे पायोमेट्रा, हा नसबंदी न केलेल्या कुत्रीचा जीवघेणा आजार. माज ओसरल्यावर साधारण 4 ते 8 आठवड्यांत ती खाणे सोडते आणि पाणी भरमसाट पिते. गर्भाशयाचे तोंड उघडे असेल तर पू बाहेर येतो आणि घरच्यांना कळते. बंद असेल तर बाहेर काहीच दिसत नाही. पडद्यावर मूत्राशयाजवळ काळ्या किंवा गढूळ द्रवाने फुगलेल्या नळ्या दिसतात आणि काही मिनिटांत निदानाची दिशा ठरते. या एका आजारासाठी तरी तालुक्याच्या पशुदवाखान्यात हे यंत्र असायला हवे.

मांजराने सुईदोरा किंवा मांजा गिळला की दोऱ्याचे एक टोक अनेकदा जिभेच्या मुळाशी किंवा जठराच्या तोंडाशी अडकते. आतडे पुढे ढकलायला बघते, दोरा हलत नाही, आणि नाडा ओढल्यावर नेफ्याचे कापड गोळा व्हावे तसे आतडे त्याच्यावर चुणत जाते. सोनोग्राफीत या चुण्या आणि त्यांच्या मधून गेलेली एक चकचकीत रेघ दिसते. शेपटाकडून डोकावणारा दोरा ओढणे घातक, कारण ताणलेला दोरा आतडे कापतो.

हृदयाच्या सोनोग्राफीला इकोकार्डिओग्राफी म्हणतात. मांजरांत हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार बरीच वर्षे मुका राहतो. स्टेथोस्कोपला दरवेळी खुरखुर ऐकू येतेच असे नाही. डाव्या जवनिकेची भिंत शिथिल अवस्थेत 6 मिलिमीटर किंवा अधिक भरली तर या आजाराचा संशय पक्का होतो, पण रक्तदाब आणि थायरॉइड तपासल्याशिवाय निदान करत नाहीत, कारण त्यांच्यामुळेही भिंत जाड होते.

गाडीखाली आलेल्या कुत्र्यासाठी वेगळी, झटपट पद्धत आहे. 2004 मध्ये बॉयसेन व सहकाऱ्यांनी अपघातग्रस्त कुत्र्यांवर ती तपासली. उरोस्थीच्या मागे, मूत्राशयापाशी आणि दोन्ही कुशींत, अशा चार जागी प्रोब टेकवून पोटात मोकळे द्रव आहे का एवढेच बघतात. थोड्या वेळाने पुन्हा पाहून द्रव वाढले का, हेही कळते.

सारे काही तपासणाऱ्याच्या हातावर आणि नजरेवर अवलंबून असते. एकाच प्राण्याचे दोन अहवाल त्यामुळे जुळतीलच असे नाही. प्लीहेवरची गाठ साधी आहे की कर्करोगाची, हे चित्रावरून ठरत नाही. त्यासाठी सोनोग्राफीच्या आधाराने बारीक सुई घालून पेशी काढतात किंवा गाठ काढून ऊतितपासणी करतात. सुईआधी प्लेटलेट मोजणे आवश्यक. गोचीडतापात प्लीहा मोठी होते आणि प्लेटलेटही घटतात, म्हणून आपल्याकडे रक्ताचा अहवाल हाती येईपर्यंत सुई टाळलेली बरी.