टाकलेली कात हाही दस्तऐवजच : टॅरेंटुला आणि त्याला जपणाऱ्यांचा इतिहास

१/ साप कात टाकतो, हे आपल्या भाषेत पक्के रुळले आहे. कोळीही कात टाकतो आणि टॅरेंटुलासारख्या थोराड कोळ्यासाठी तो जीवनमरणाचा प्रसंग असतो. त्या प्रसंगी त्याला कसे जपावे, हे ज्ञान माणसाला कसे मिळाले, त्याचा हा धागा.

२/ १७०५ साली ॲम्स्टरडॅममध्ये मारिया सिबिला मेरियन या चित्रकर्तीचा सुरिनामच्या कीटकांवरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यातील एका चित्रात कोळी चिमुकला पक्षी खात आहे. पुढे काही विद्वानांनी ते चित्र खोटे ठरवले. १८६३ साली हेन्री बेट्स यांनी ॲमेझॉनच्या खोऱ्यातील तसेच निरीक्षण प्रसिद्ध केले, तेव्हा मेरियनच्या शब्दाला वजन आले.

३/ भारतात हे काम लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील रेजिनाल्ड पोकॉक यांनी केले. १९०० साली ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीवरील ग्रंथमालेत त्यांचा कोळी-विंचवांवरील खंड आला. मात्र समोर होते ते मुख्यतः मृत नमुने. मृत नमुना शरीररचना सांगतो. जगणे सांगत नाही.

४/ जगणे पाहिले ते अमेरिकेतील आर्कान्सा विद्यापीठाच्या विल्यम बेर्ग यांनी. त्यांनी अनेक दशके टॅरेंटुला पाळून नोंदी ठेवल्या. मादी वीस वर्षांहून अधिक जगते आणि प्रौढ झाल्यावरही कात टाकत राहते, हे अशा नोंदींतून स्पष्ट झाले. १९५८ साली त्यांचे पुस्तक आले.

५/ कात टाकण्यापूर्वी कोळी अन्न सोडतो आणि बहुधा पाठीवर उताणा पडतो. नवखा पाळणारा त्याला मेलेला समजतो. प्रत्यक्षात तो पोटातील द्रव पुढच्या भागात ढकलतो, पाठीचे कवच झाकणासारखे उचकटते आणि आठही पाय जुन्या आवरणातून ओढून काढावे लागतात.

६/ इथेच घात होतो. एखादा पाय अडकतो, वाकडा होतो, कधी कोळी तो स्वतःच तोडून टाकतो. वाढत्या वयात पुढच्या कातीबरोबर तो पुन्हा उगवतो, आधी जरा लहान. शोषक जठराचे अस्तरही निघावे लागते. ते अडकले तर कोळी खाऊ शकत नाही.

७/ म्हणून शुश्रूषेचा पहिला नियम : हात लावू नये. अडकलेली कात ओढू नये. मऊ कुंचल्याने कोमट पाण्याचा थेंब लावावा, पोटाखालील श्वसनछिद्रे टाळून. जवळ उथळ पाणी ठेवावे. जिवंत रातकिडा काढून टाकावा, कारण मऊ पडलेल्या कोळ्याला तोच चावतो. पांढरे विषदंत काळे होईपर्यंत अन्न देऊ नये.

८/ उरलेली कात फेकू नये. मादीच्या शुक्रकोशाचे अस्तरही तिच्यासोबत निघते, त्यामुळे कोळी नर की मादी हे तिच्यावरून कळते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे नवे नाही : मागे पडलेल्या वस्तूवरून मालकाची ओळख पटवायची.

९/ आता अवघड भाग. १८९९ साली पोकॉक यांनी गुत्तीच्या रेल्वे लाकूडवखारीत सापडलेल्या एकाच नमुन्यावरून एका निळ्या कोळ्याचे वर्णन केले. जंगलात तो पुन्हा सापडला २००१ साली. आज तो जगभर काचेच्या पेट्यांत वाढतो. आंध्रातील त्याचे जंगल मात्र आक्रसत आहे.

१०/ २०१९ साली त्याच्या संपूर्ण कुळीचा व्यापार आंतरराष्ट्रीय नियंत्रणाखाली आला. २०२२ च्या दुरुस्तीनंतर भारतातही अशा प्रजाती बाळगणाऱ्याला नोंदणी बंधनकारक झाली. रानातून उचललेल्या कोळ्याची पेटीतील शुश्रूषा कितीही उत्तम असली, तरी त्याने रानाची हानी भरून निघत नाही.

११/ आमच्या वडीगोद्रीच्या शिवारात काय, सह्याद्रीत काय, केसाळ कोळी दिसला तर चप्पल उचलू नका आणि बरणीही आणू नका. अंतर राखून पाहा, तारीख-वेळ लिहून ठेवा. मेरियन आणि बेर्ग यांच्याकडून घेण्यासारखे तेवढेच आहे, आणि ते पुष्कळ आहे.