भोजनस्थळी पाळीव कुत्रे (जालना जिल्हा)

ढाबा, खाणावळीचे अंगण, चहाची टपरी किंवा शेतातली हुरडा पार्टी अशा उघड्यावरच्या जेवणाच्या जागी आपले कुत्रे नेणाऱ्या मालकाची कर्तव्ये. १ मे १९८१ रोजी स्थापन झालेल्या जालना जिल्ह्यात अशा जागांना बहुधा कुंपण नसते, सूचनाफलकही नसतो. उष्ट्यावर जगणारी गावकुत्री मात्र आधीपासून असतात. म्हणून सांभाळाचा जवळजवळ सगळा भार मालकावरच येतो.

गावकुत्र्यांना परके कुत्रे आपल्या हद्दीत खपत नाही. गाडीतून उतरण्याआधीच पट्टा लावावा, तो आखूड धरावा आणि कोपऱ्यातली जागा घ्यावी. पट्टा बाजेच्या किंवा टेबलाच्या पायाला बांधणे धोक्याचे : कुत्र्याने एक हिसका दिला की गरम रस्सा अंगावर सांडतो. कारवानी जातीची कुत्री नजरेने सावज हेरून धावतात; पळणारी कोंबडी, शेळीचे करडू किंवा लहान मूल दिसताच ती क्षणात सुटतात. हुरड्याच्या आगटीजवळ तर कुत्रे मोकळे सोडूच नये.

कायदा थोडक्यात असा. अन्नसुरक्षेच्या २०११ च्या नियमांनुसार खाद्य व्यवसायाच्या जागेत प्राणी येऊ द्यायचे नसतात. त्यामुळे हॉटेलवाल्याने नकार दिला तर हुज्जत घालू नये. आपल्या ताब्यातील प्राण्यापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका संभवत असताना पुरेशी काळजी न घेणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. भटक्या कुत्र्यांना रस्त्यात कुठेही खाऊ घालण्यास सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशाने मनाई केली असून त्यासाठी ठरावीक जागा नेमण्यास सांगितले आहे. तेव्हा उरलेली भाकरी बाजेखाली टाकणे ही भूतदया ठरत नाही. त्याने कुत्र्यांची झुंड जमते आणि भांडणे लागतात.

आपल्या कुत्र्यालाही ताटातले देऊ नये. कांदा आणि लसूण यांनी त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि आपल्या रश्शात हे दोन्ही भरपूर असतात. शिजलेल्या हाडाच्या अणकुचीदार कपच्या घशात किंवा आतड्यात रुततात. पाण्याचे भांडे घरूनच आणावे. हॉटेलचा पेला त्याच्यापुढे धरणे हा शेजारी जेवणाऱ्यांचा अवमान आहे. विष्ठा पिशवीत उचलावी. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात कुत्रे बंद गाडीत ठेवून जेवायला बसणे ही निव्वळ क्रूरता होय, कारण काही मिनिटांतच त्याला उष्माघात होऊ शकतो.

रेबीजची लस वेळेवर टोचून घ्यावी आणि लसीकरणाचे कार्ड गाडीत ठेवावे. कुत्रे चावलेच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. हळद, मिरची किंवा चुना लावू नये. जखमीला त्याच दिवशी दवाखान्यात नेण्याची जबाबदारी मालकाने घ्यावी आणि आपले नाव-पत्ता द्यावा. कुत्र्यावर पुढचे दहा दिवस लक्ष ठेवावे लागते. कुत्र्याला लस दिली आहे एवढ्या भरवशावर, डॉक्टरांना न विचारता, जखमीचे इंजेक्शन टाळू नये.