सूचीकाराची निवड : राजवाडे, धुळे आणि संहितेचे वाचन

ग्रंथाच्या अखेरीस येणाऱ्या सूचीकडे मराठी समीक्षेने सहसा केवळ सोयीची पाने म्हणून पाहिले आहे. वस्तुतः सूची ही संहितेच्या वाचनाचीच एक कृती असते. खानदेशाच्या संशोधनपरंपरेच्या आधारे हे विधान तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध केला. पुढे तिचे बावीस खंड झाले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात त्यांचे निधन झाले आणि १९२७ मध्ये तेथेच त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले. या मंडळाने त्यांचा ‘मराठी धातुकोश’ १९३७ मध्ये प्रकाशात आणला. कोशकार शब्दाचा अर्थ वा व्युत्पत्ती सांगतो, सूचीकार त्याचे स्थान सांगतो. मात्र शब्द वाक्यातून उचलणे, त्याला शीर्षक देणे व क्रमात बसविणे ही कारागिरी दोघांचीही एकच आहे.

या कारागिरीची साधने साधी आहेत : एका नोंदीस एक चिठ्ठी, तीवर शीर्षक व पृष्ठांक. अडचणी भाषेतून उद्भवतात. ‘धुळ्यास’, ‘धुळ्याहून’ ही रूपे ‘धुळे’ या एकाच शीर्षकाखाली आणावी लागतात. मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद सहसा पाळला जात नसल्याने लिप्यंतरात एकच नाव दोन ठिकाणी विखुरते. संगणक आज चिठ्ठ्यांचा क्रम क्षणात लावतो. परंतु त्याच्या नुसत्या संकेतक्रमात ‘ळ’ हा ‘ल’नंतर येतो, तर मराठी वर्णमालेत तो ‘ह’नंतर. ही चूक दुरुस्त करता येते. मात्र पत्रातील ‘नाना’ म्हणजे नानासाहेब पेशवे की नाना फडणीस, हे पत्राचा काळ व संदर्भ जाणणाऱ्या वाचकालाच ठरवावे लागते. अशा वेळी सूचीकार अर्थनिर्णयनच करीत असतो.

निवडीचा प्रश्न याहून गंभीर आहे. केवळ व्यक्तिनामांची सूची केली, की इतिहास नावे असलेल्यांचाच उरतो. पत्रात नुसत्या ‘मातुश्री’ म्हणून आलेली स्त्री, कापसाचे पीक, सारा, दुष्काळ यांना शीर्षक मिळत नाही. संहितेत असूनही ते सूचीवर विसंबणाऱ्या अभ्यासकापुरते नाहीसे होतात. अहिराणी शब्द प्रमाण मराठीच्या शीर्षकाखाली मुकाट्याने दडपला, तरी हेच घडते. तेथे दोन्ही रूपे देऊन ‘पहा’ ही सूचना जोडणे आवश्यक ठरते.

म्हणून जळगाव-धुळ्याच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने साधनांची निदान पन्नास पाने घेऊन त्यांची सूची स्वतः करावी, आणि आपण कोणत्या नोंदी गाळल्या व का गाळल्या, याचे टिपण तिच्यासोबत ठेवावे. संहितेविषयीची त्याची गृहीतके त्याला त्या टिपणातच प्रथम दिसतील.