कमठा घडवणे
बांबू किंवा चिवट लाकडापासून शिकारीचे धनुष्य, म्हणजे कमठा, तयार करण्याची आदिवासी कारागिरी. अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा व धारणी हे तालुके, म्हणजे मेळघाट, ही अशी कारागिरी जपणाऱ्या कोरकू आदिवासींची भूमी. कोरड्या डोंगरउतारांवरचा जवळजवळ भरीव मानवेल बांबू या कामाला उत्तम. लाकडांत लवचीक धामण नावाजलेली.

जून बांबू उभा चिरून पट्टी सावलीत वाळवतात. सालीकडचे धागे दाट व ताण सोसणारे असतात, म्हणून साल बाहेर ठेवून फक्त आतली बाजू तासायची. मूठ जाड, टोके निमुळती. खरे कसब वाक जुळवण्यात आहे. सैल दोरी चढवून धनुष्य थोडे थोडे ओढायचे आणि दोन्ही बाजूंचा वाक न्याहाळायचा. जो भाग ताठ राहतो तोच खरवडायचा. जास्त वाकणाऱ्या भागाला हातही लावायचा नाही. पूर्ण ताण अगदी शेवटी. घाईने ओढलेला कमठा बहुधा मोडतोच. भिल्ल आदिवासींकडे दोरीही बांबूच्या कामटीची आढळते.

मात्र वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार वन्यप्राण्यांच्या शिकारीवर बंदी आहे. मेळघाट १९७४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला.