सैन्यांत दाद कोणाकडे मागावी?

राजानें मारलें आणि पावसानें झोडपलें, तर दाद कोणाकडे मागावी, असें आपल्याकडे म्हणतात. शिपाईगिरींत हा प्रश्न केवळ म्हणीपुरता राहत नाहीं. ज्या वरिष्ठाच्या हुकमावरून शिपायानें जिवावर उदार व्हावयाचें, त्याच्याच हातीं त्याची रजा, बढती, बदली व शिक्षा असते. रणांगणावर ही व्यवस्था उपयोगी पडते, यांत शंका नाहीं. परंतु सैन्यांतील एखाद्या स्त्रीच्या अंगावर तिच्याच सहकाऱ्यानें हात टाकला, म्हणजे हीच व्यवस्था तिच्या वाटेंत भिंत होऊन उभी राहते. अमेरिकेच्या सैन्याचा १९९१ पासूनचा इतिहास या गोष्टीची साक्ष देतो.

विमानवाहू जहाजावर उतरणारें विमान अडवून धरण्यासाठीं त्याच्या शेपटीस जो आंकडा असतो, त्यास 'टेलहूक' म्हणतात. हें नांव धारण करणाऱ्या आरमारी वैमानिकांच्या संघाचें संमेलन १९९१ च्या सप्टेंबरांत लास व्हेगास येथील हिल्टन हॉटेलांत भरलें होतें. आखाती युद्धांतील विजय ताजा होता. विजयाचा आणि मद्याचा असे दोन्ही कैफ एकदमच चढले होते. ७ सप्टेंबरच्या रात्रीं तिसऱ्या मजल्यावरील बोळांत अधिकारी दुतर्फा उभे राहिले आणि तेथून जाणाऱ्या स्त्रियांना त्या झुंडीच्या हातांतून सुटण्यासाठीं झगडावें लागलें. त्यांत लेफ्टनंट पॉला कॉफलिन ही हेलिकॉप्टर चालविणारी अधिकारी होती.

ती रिअर ॲडमिरल स्नायडर यांची ए. डी. सी. होती. घडलेली हकीकत तिनें दुसऱ्याच दिवशीं त्यांच्या कानावर घातली. पण त्यांनीं ती मनावर घेतली नाहीं. प्रकरण वर पोहोंचण्यास कित्येक आठवडे लागले, व नोव्हेंबरांत स्नायडर यांना त्यांच्या जागेवरून दूर करण्यांत आलें. पुढें आरमाराच्या चौकशीखात्यानें पंधराशेंहून अधिक लोकांच्या जबान्या घेतल्या. १९९२ च्या एप्रिलांत निकाल बाहेर आला तेव्हां संशयित म्हणून अवघीं दोन नांवें निघालीं! बोळांत उभ्या असलेल्या शेंकडों अधिकाऱ्यांनीं कांहींच पाहिलें नव्हतें.

तेव्हां कॉफलिन हिनें जूनमध्यें आपलें नांव व मुद्रा न लपवितां सारें लोकांपुढें मांडलें. दोनच दिवसांनीं, २६ जून रोजीं, आरमारमंत्री गॅरेट यांनीं राजीनामा दिला. संरक्षणखात्यानें स्वतंत्र चौकशी केली. १९९३ च्या तिच्या अहवालांत ९० व्यक्तींवर अतिप्रसंग झाल्याचें नमूद आहे; पैकीं ८३ स्त्रिया व ७ पुरुष. सुमारें १४० अधिकाऱ्यांचीं प्रकरणें पुढें पाठविण्यांत आलीं. पण कोर्टमार्शलांत एकही अधिकारी दोषी ठरला नाहीं. १९९४ च्या फेब्रुवारींत लष्करी न्यायाधीश व्हेस्ट यांनीं उरलेले खटले काढून टाकतांना असा ठपका ठेवला, कीं आरमाराचे प्रमुख ॲडमिरल केल्सो हे स्वतः त्या ठिकाणीं हजर होते व स्वतःच्या बचावासाठीं त्यांनीं कारवाईस वळण दिलें. केल्सो यांनीं तो आरोप नाकारला, पण मुदतीपूर्वीं निवृत्ति पत्करली. त्याच महिन्यांत कॉफलिन हिनेंही, तक्रारीनंतर झालेल्या छळाचें कारण देऊन, राजीनामा दिला. वर्षअखेरीस लास व्हेगासच्या नागरी न्यायालयांतील ज्यूरीनें मात्र तिचा शब्द मानला व तिला लक्षावधि डॉलरांची भरपाई देवविली; पण ती हॉटेलाकडून, आरमाराकडून नव्हे.

हा दोष एकदोन अधिकाऱ्यांच्या स्वभावाचा नव्हता. अमेरिकेच्या सर्व दलांस लागू असणारा लष्करी न्यायाचा कायदा १९५० सालीं झाला. खटला भरावा कीं नाहीं, हें ठरविण्याचा अधिकार त्यानें सेनाधिकाऱ्यासच दिला. फिर्यादी व आरोपी दोघेही बहुधा त्याच्याच हाताखालचे. आणि तुकडींत असा प्रकार घडला हें उघड होणें त्याच्याही नांवास बट्टा लावणारें. शिवाय शिपायास नोकरी सोडून घरीं जातां येत नाहीं. तसें केल्यास तो फरारी ठरतो. राहणें, जेवणें, पहारा देणें, सारें त्याच माणसांबरोबर. त्या प्रसंगीं तिनेंही मद्य घेतलें असल्यास शिस्तभंगाची शिक्षा प्रथम तिलाच होईल, ही धास्ती निराळीच.

२००५ सालीं चौकशीशिवाय गुप्तपणें औषधोपचार मिळण्याची सोय झाली. भीति मात्र गेली नाहीं. २०१४ सालच्या पाहणींत, तक्रार करणाऱ्या स्त्रियांपैकीं शेंकडा ६२ जणींनीं आपणांस त्याबद्दल सूड सोसावा लागल्याचें सांगितलें. सेनाधिकाऱ्यांकडून हा अधिकार काढून घेण्याचें सिनेटर गिलिब्रँड यांचें विधेयक त्याच वर्षीं सिनेटांत पुढें सरकूं शकलें नाहीं. अनुकूल मतें ५५ पडलीं, आणि हवीं होतीं ६०.

२०२० च्या एप्रिलांत टेक्सासमधील फोर्ट हूड येथें व्हेनेसा गियेन या वीस वर्षांच्या शिपाई मुलीचा एका शिपायानें खून केला. त्यापूर्वीं दुसऱ्या एका वरिष्ठानें तिचा छळ केला होता. तो तिनें तोंडीं कळविलाही होता, पण तुकडीच्या अधिकाऱ्यांनीं कांहीं केलें नाहीं, असें सैन्याच्याच चौकशींत पुढें आढळलें. त्या तळाची पाहणी करणाऱ्या स्वतंत्र समितीनें ५०३ स्त्रियांना एकेकीस भेटून विचारलें, तेव्हां अत्याचाराच्या ९३ विश्वसनीय हकीकती कळल्या. त्यांतील ५९ चीच तक्रार झालेली होती.

या प्रकरणानें लोकमत हललें. १९५० ची घडी २०२१ च्या डिसेंबरांतील कायद्यानें मोडली. २८ डिसेंबर २०२३ पासून अशा गुन्ह्यांत खटल्याचा निर्णय सेनाधिकाऱ्यांच्या साखळीबाहेरील खास अभियोक्त्यांकडे गेला. कॉफलिनच्या तक्रारीपासून येथवर येण्यास बत्तीस वर्षें लागलीं.

तथापि कायद्यानें बदलला तो शेवटचा निर्णय. प्रथम ऐकणारा कान अजूनही बहुधा तुकडींतील जवळच्या वरिष्ठाचाच असतो, आणि कॉफलिन व गियेन या दोघींचें म्हणणें अडलें तें नेमकें तेथेंच. हाताखालच्या माणसाची कागाळी ऐकून ती दडपून न टाकणें, हेंही सेनापतित्वाचें कर्तव्य आहे. त्याला शौर्यपदक मिळत नाहीं. पण त्यावांचून शिस्तीला दहशतीहून निराळें नांव देतां येत नाहीं.